मामाचा जबाब

दुपारी साडेतीनच्या सुमारास सुरतेतल्या पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या सांडपाण्याच्या टाकीत शिपाई वैभव मेला. साल १९९५, महिना जून. तो फौजेतून रजेवर आला होता.

मामाचा डबा पोचवायला तो मिलमध्ये गेला, तेव्हा मामा, मगन, टाकी उपसायला उतरून वायूने आतच अर्धवट शुद्धीत कोसळला होता. वैभव दोर घेऊन खाली गेला आणि मामाच्या बगलांखालून त्याने गाठ मारली. वरच्या दोघा ओरिसाच्या कामगारांनी मगनला ओढून काढलं. दोर पुन्हा सोडला, पण तो धरण्याइतकी शुद्ध वैभवला उरली नव्हती.

हे इंदुबाईला, वैभवच्या आईला, मगननेच दवाखान्यात रडत सांगितलं. दोराने सोललेल्या त्याच्या बगलांना पुढे हळदही तिनेच लावली.

पलटणीने शौर्य चक्रासाठी वैभवचं नाव पाठवायचं ठरवलं. लढाई नसतानाही अशा धाडसाला ते मिळतं, हे इंदुबाईला तेव्हा कळलं. पोरगा कशापायी गेला ते सरकारने एकदा मोठ्याने वाचून दाखवावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी डोळ्यांनी पाहणाऱ्याचा जबाब लागणार होता. ओरिसावाल्यांना मिलने केव्हाच गावी धाडलं होतं. उरला मगन.

दिवाळीच्या तोंडावर पलटणीचे सुभेदार अरविंद घरी आले. चहा तसाच ठेवून म्हणाले, "आई, तुमच्या भावानं लिहून दिलंय, टाकीत कुणी उतरलंच नव्हतं. वैभव डोकावायला गेला अन् घसरला."

मगन तोवर मुकादम झाला होता.

भाऊबीजेला तो दरसालसारखा पोरांना घेऊन आला, पाटावर बसला. इंदुबाई ताट हातात धरून नुसती उभी.

"आक्का, ओवाळ की. दिवा विझंल."

"विझू दे. सदरा काढ."

"येडी का काय? पोरं बघायलेत."

"बघू दे. बापाच्या बगलंत डाग कशाचे, त्यांनाबी कळू दे."

मगनने मान खाली घातली. "माणूस उतरवला म्हणलं असतं तर मिलला टाळं लागलं असतं, आक्का. ह्यांनी काय खायचं?"

"म्हणून माझा पोरगा घसरला."

"गेला तो गेला. चक्रानं माघारी येतो का?"

"न्हाई येत. तू आलास."

तिने ताट खाली ठेवलं. मगन कोरड्या कपाळाने बमरोलीला, आपल्या घरी परतला.

सव्वीस जानेवारीच्या यादीत वैभवचं नाव नव्हतं. खरा जबाब दिला तर प्रकरण पुन्हा पाठवता येईल, असा निरोप सुभेदारांनी मगनला धाडला. निरोप पोचल्याचं त्याची बायको अनुसया सांगते. होळी झाली, त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.