रुद्रच्या वाटीतला शिरा

"रुद्रचं किती भरलं?"

वरुणने गाडीत बसून अजून पट्टाही लावला नव्हता. कुस्तीच्या क्लबच्या पार्किंगमध्ये मे महिन्याचं, इथल्या थंडीच्या तोंडचं बोचरं वारं सुटलं होतं, पोराचे केस घामाने निथळत होते. पण मयूराने आधी विचारलं ते हेच.

"आई, हाय तरी म्हण."

"हाय. किती भरलं?"

"सिक्स्टी फाइव्ह पॉइंट फोर."

"आणि तुझं?"

"पॉइंट थ्री. चिल. झोपेत उतरतं."

झोपेत चारशे-साडेचारशे ग्रॅम उतरतात, हे मयूराला आता पाढ्यासारखं पाठ होतं. इथल्या ट्रुगानिना उपनगरातल्या एका पॅथॉलॉजी सेंटरमध्ये ती दिवसभर लोकांचं रक्त काढायची, नळ्यांवर नाव आणि वेळ लिहायची. तिच्या मोजमापात चूक नसते, अशी तिची ख्याती होती. रेखाच्या बाबतीत तर ती कागदावाचून नोंदी ठेवायची.

रेखा तिची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी पुण्याहून आलेल्या, एकाच गल्लीत घरं बांधलेल्या. रेखाचा प्लॉट कोपऱ्याचा, मयूराचा मधला. रेखाचं लिंबू दुसऱ्याच वर्षी फळांनी वाकलं; मयूराच्या लिंबाला आजतागायत नुसती पानं. रेखाची सासू तीन महिन्यांत परत जायची. मयूराची सहा महिने राहायची आणि जाताना रेखाच्या लिंबांचं लोणचं बॅगेत घालून न्यायची. सगळ्यात वाईट म्हणजे रेखाला यातल्या कशाचा पत्ताच नव्हता. ज्याचा हेवा करायचा त्याने निदान थोडं मिरवावं, एवढी माफक अपेक्षा असते. रेखा तेवढंही करत नसे.

कुस्तीचं खूळ मात्र मयूराच्या घरातलं. तिचा नवरा भास्कर इस्लामपूरच्या तालमीत घुमलेला. आता तो सॉफ्टवेअर तपासायचा, पण मोडलेले कान अजून पैलवानाचे होते. वरुण आठ वर्षांचा झाल्यावर त्याला क्लबात घालताना भास्करने गल्लीतलं दुसरं पोरगंही सोबतीला नेलं. ते रुद्र, रेखाचा मुलगा. म्हणजे शत्रू तयार केला तोही नवऱ्यानेच, आणि स्वतःच्या गाडीतून ने-आण करून.

आता दोघंही बारावीला, दोघंही पासष्ट किलोत. आजवर पाच वेळा समोरासमोर आले. पाचही वेळा रुद्र जिंकला. शनिवारी राज्याच्या संघाची निवड होती. एका वजनात एकच मुलगा. संघात गेलेल्यांना युनि, म्हणजे विद्यापीठ, प्रवेशाच्या वेळी खेळाचे वाढीव गुण देत असे, आणि वरुणला फिजिओथेरपीला जायला नेमके तेवढेच गुण कमी पडत होते. शाळेच्या अंदाजाने त्याचा एटार, म्हणजे बारावीवरून मिळणारा प्रवेशाचा आकडा, एकोणनव्वदच्या आसपास अडकणार होता. रुद्रचा सत्त्याण्णव. त्याला इंजिनिअरिंग कुठेही मिळालं असतं; संघाचा त्याला उपयोग एका टी-शर्टापुरता. ज्याला भूक नाही त्याच्याच पानात वाढायचं, हा कुठला न्याय?

"तो सत्तरमध्ये खेळला तर?" मयूराने सिग्नलला विचारलं.

"ही'ड गेट स्मॅश्ड. तिथली मुलं रेड्यासारखी आहेत."

"मग तू एकसष्टमध्ये."

"चार किलो कुठून काढू? हाडं कापू?" वरुण हसला. "आई, मी त्याला हरवू शकतो. लास्ट टाइम सहा-पाच होतं. रुद्र म्हणतो, तू पट काढायला पायात शिरतोस त्याआधी खाली बघतोस. ते बंद केलं की झालं."

"हे तुला रुद्रने सांगितलं?"

"हो. का?"

दिवा हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिल्यावर ती म्हणाली, "उद्या संध्याकाळी आपल्याकडे सत्यनारायण आहे."

"व्हॉट? शनिवारी सकाळी वे-इन आहे, वजनं घेणार!"

"सिटिझनशिपसाठी नवस बोलले होते. सहा वर्षं झाली. देवाला अजून किती ताटकळत ठेवायचं?"

देव सहा वर्षं थांबला होता, तो आणखी दोन दिवस थांबला असता. पण मयूराच्या डोक्यातली बेरीज थांबायला तयार नव्हती. पोरं शुक्रवारी रात्रीही असंच वजन घेऊन झोपणार. पासष्ट-चारशेमधून साडेचारशे गेले, पासष्टच्या खाली उरले पन्नास. पन्नास ग्रॅम म्हणजे दोन घास.

शुक्रवारी सहा वाजता मोबाइलवर पोथी लावून पूजा उरकली. सहा माणसांच्या पूजेला वीस माणसांना पुरेल एवढा शिरा झाला होता. रवा, तूप, साखर, दूध, केळं, सगळं सव्वाच्या मापाने. घरभर वेलदोड्याचा वास सुटला आणि दोन दिवस काकडी चघळणारी दोन पोरं भिंतीला टेकून डोळे मिटून बसली.

"काय दरवळ सुटलाय गं!" रेखा म्हणाली. तिने येताना अर्थातच पिशवीभर लिंबं आणली होती. "मला नाही जमत असा मोकळा शिरा."

ही एक नोंद मयूराच्या बाजूची. पण आज तिला तिचं सुख नव्हतं.

तिने प्रसाद वाटला. मोठ्यांना द्रोण. वरुणच्या द्रोणात एक चमचा, वर तुळशीचं पान. आणि रुद्रच्या हातात स्टीलची भली मोठी वाटी, वर शीग लावलेली.

रुद्र कसनुसा झाला. "मावशी, उद्या वे-इन…"

"अरे, राहू दे हं, तुला चालणार नसेल तर राहू दे," मयूरा म्हणाली. तिने पाहिलं मात्र रेखाकडे.

"राहू दे काय?" रेखा उखडली. "प्रसादाला नाही म्हणतात? आत्ता पोथीत ऐकलंस ना, वाण्याची लेक प्रसाद न घेता उठली तर नवऱ्याची होडी बुडाली!"

"मम, आय डोन्ट हॅव अ बोट."

भास्कर खो-खो हसला. रेखा हसली नाही. "रुद्र, मावशीने सकाळपासून खपून केलंय. संपवायचं."

"ओके, ओके."

वरुण स्वतःच्या द्रोणाकडे बघत होता. मग त्याने रुद्रच्या वाटीकडे पाहिलं. मग आईकडे. मयूरा तीर्थाची पळी पुसायला लागली.

"चल," वरुण रुद्रला म्हणाला, "बाहेर बसून खाऊ."

पंधरा मिनिटांनी वाटी घासायला आली ती चाटूनपुसून लख्ख. मयूराने ती दोनदा विसळली. त्या रात्री तिला महिन्याभरात लागली नव्हती अशी झोप लागली. इतकी, की पहाटे पाचला वरुण दार लोटून धावायला गेला तेही तिला कळलं नाही.

शनिवारी साडेसातला हॉलमध्ये काटा मांडला होता. शेजारी यादी घेतलेला कोच, भिंतीला मोज्यांवर उभी पोरं. आयांना दोरीपलीकडे थांबायचं होतं. मयूरा पुढेच होती. तिच्या पिशवीत वरुणचा डबा होता, वजन झाल्यावर खायचा: दोन थालीपिठं, केळं.

रुद्र चढला. पासष्टला पन्नास ग्रॅम कमी. कोचने खूण केली.

मयूराने आकडा पुन्हा वाचला. हे बेरजेत बसत नव्हतं.

मग वरुण चढला. कोचने काट्याकडे पाहिलं, वरुणकडे पाहिलं. "टू हंड्रेड ओव्हर, मेट. यू'व्ह गॉट ट्वेंटी-फाइव्ह मिनिट्स."

वरुण जॅकेटवर जॅकेट चढवून बाहेर पळाला. त्याच्याबरोबर रुद्रही पळाला, स्वतःचं वजन झालं होतं, स्वतःचा डबा समोर होता, तरी. दवाने भिजलेल्या मैदानाला दोघं फेऱ्या मारत राहिले. वरुण मागे पडला की रुद्र पाठीत बुक्का घालत होता. "मूव्ह, भाई, मूव्ह!" रेखाने पर्समधून नखं कापायची कात्री काढली आणि पोरगं थांबताच मानेवरचे, कानामागचे केस कचाकच कापले. "थोडेसे ग्रॅम तरी जातील. हलू नको रे सोन्या." तिचे हात भराभर चालत होते. मयूराचे नुसते लोंबत होते.

दुसऱ्यांदा चढला तेव्हा पन्नास जास्त. वेळ संपली. कोचने वरुणच्या खांद्यावर हात ठेवला आणि यादीतलं नाव खोडलं.

पार्किंगमध्ये गाडीला टेकून वरुण बाटलीभर पाणी एका दमात प्यायला. मयूराने आजूबाजूला पाहिलं. रेखा आत होती.

"वाटी तू खाल्लीस."

"हं."

"का?"

"रुद्र खायला निघाला होता. त्याला वाटलं, तू प्रेमाने दिलंस." वरुणने बाटलीचं झाकण लावलं. "मी म्हटलं, आण इकडे, मला भूक लागलीये. वाटलं, सकाळी धावून काढीन."

"मग टाकून द्यायचा ना!"

"प्रसाद?"

त्याने तो शब्द अगदी साध्या आवाजात उच्चारला, तिनेच लहानपणी शिकवला होता तसा.

"त्याला कळलं?"

"नाही. आणि कळणारही नाही." मग बाटली तिच्या पिशवीत टाकत तो म्हणाला, "रडू नको, आई. पेपर चांगले देईन. नाहीतर एक वर्ष दुसरा कोर्स, मग ट्रान्स्फर. नो वरीज. मला आत जायचंय, त्याच्या कोपऱ्यात आपलं कुणी नाही."

हॉलमध्ये रुद्रची शेवटची कुस्ती डँडेनाँगच्या क्लबातल्या एका दांडग्या मुलाशी लागली. कोपऱ्यात कोचशेजारी वरुण, खांद्यावर टॉवेल, मानेवर केस ओबडधोबड कापलेले. रेखा मयूराला खेटून बसली आणि तिने ओढणी डोळ्यांवर घेतली.

"मला नाही बघवत गं. दरवेळी असंच होतं. तू बघ आणि सांग."

मयूरा बघू लागली.

"काय झालं?"

"पट काढला."

"कुणी?"

"रुद्रने. दोन."

मग तो दांडगा मुलगा आत घुसला आणि त्याने रुद्रला डोक्यावरून फेकलं. मयूराला क्षणभर गोड वाटलं. जुनी सवय. "चार गेले," ती म्हणाली आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. रेखाने तिचा हात घट्ट धरला. समोर वरुण गुडघ्यांवर येऊन ओरडत होता, घसा फुटेल इतकं: "खाली बघू नको! रुद्र, खाली बघू नको!"

"आता?"

"अजून दोन. बरोबरीत आले."

"सांग ना पुढे!"

"रुद्रने ढकलला त्याला बाहेर. एक. थांब… त्यालाही एक दिला. थांब. थांब, रेखा."

दोघंही कडेवर झुंजले, पंचाने एक बोट वर केलं आणि शिट्टी वाजली. अख्खा हॉल ओरडला.

"किती झाले?"

"सहा-पाच."

"अगं, कुणाचे सहा?"

मॅटच्या कडेला वरुणने टॉवेल छताकडे भिरकावला होता आणि घामाने ओल्या रुद्रला मिठी मारून जमिनीवरून उचललं होतं. मयूराच्या मांडीवर डबा होता, थालीपिठं केव्हाच गार झालेली. 'रुद्रचे' म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं.

"आपले," ती म्हणाली.