रंग न लावलेला गळा

रिसोडच्या इंद्रभान चिताऱ्याने आयुष्यभर एकच उद्योग केला. चित्रांत पाटलांचे तिरळे डोळे सरळ केले, उंदराने कुरतडल्यासारख्या मिशा भरगच्च केल्या. मग मदनसिंग अकोल्याहून फोटोची पेटी घेऊन आला आणि चित्रांची गिऱ्हाइकं आटली. आता इंद्रभान त्याच्याच काळ्यापांढऱ्या फोटोंत रंग भरून पोट भरी, आणि उठल्याबरोबर त्या पेटीच्या नावाने बोटं मोडी.

एके सकाळी केनवडचा जानराव पाटील फोटो घेऊन आला. त्याची बायको रुख्मिणी विहिरीत पडून मेली, असं तो सांगत होता. सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, भिंतीला टेकवून बसवलं आणि बाजाराला आलेल्या मदनसिंगाकडून फोटो काढवला. माहेरच्यांना थाट दिसायला हवा ना! हौस अंगलट आली. गळ्यावर चार बोटं आणि एक अंगठा काळा उमटला होता. चितारी नको ते गाळतो तशी पेटीही गाळेल, अशी त्या शहाण्याची समजूत होती.

"गळ्यावर जाड ठुशी काढ," जानराव म्हणाला. "तिचा भाऊ जगदेव दुपारी इथंच येऊन राह्यला फोटो न्यायले."

दोन वर्षांपूर्वी इंद्रभानाने रुख्मिणीचं चित्र काढलं होतं. तिच्या गालावर ताजा वळ होता, आणि जानरावाच्या सांगण्यावरून त्याने तो बुजवला होता. तेव्हाची तिची नजर त्याला आठवली आणि स्वतःची किळस आली.

त्याने लुगडं हिरवं केलं, मळवट लाल केला. गळ्यावरचे डाग चांगले जांभळे करावेत म्हणून कुंचला बुडवलाही, पण थांबला. आपला रंग लागला की जानराव म्हणणार, हे चिताऱ्याचंच काम. त्याने कुंचला धुऊन ठेवला.

"ठुशी?" समोर बसून राहिलेल्या जानरावाने विचारलं.

"नाई काढत, पाटील."

जानरावाने रंग खलायचा दगडी बत्ता उचलला. पहिल्या घावात इंद्रभानाच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचली, दुसऱ्यात मनगट. तो फोटो छातीखाली घेऊन पालथा पडला. पाठीवर घाव बसत राहिले, बरगडी मोडली, तरी तो हलला नाही. भीतीने त्याचं धोतर ओलं झालं होतं.

जगदेव दारात आला तेव्हा बत्ता उगारलेलाच होता. इंद्रभानाने डाव्या हाताने फोटो पुढे सरकवला.

"गळ्याले म्या हात नाई लावला," तो म्हणाला. "ते पेटीनं पाह्यलं हाये."

जगदेवाने आधी गळा पाहिला, मग जानरावाचे हात. फोटो त्याने जपून सदऱ्यात ठेवला आणि दाराला आतून कडी लावली.