उरलेली वाफ

असं समजा, मुलांनो, की चैत्रातल्या भर दुपारी तुम्ही सोलापुरात अनवाणी चालला आहात. डोक्यावर भाकरीचं फडकं आहे, आणि एवढं चालून जिथं पोचायचं ती जागा उन्हापेक्षाही तापलेली आहे.

दहा वर्षांची महानंदा रोज अशी जायची. तिचा बाप संगप्पा कापडाच्या गिरणीत बॉयलरवर होता. चार बॉयलर, चार माणसं. त्यांनी दिवसभर भट्टीत कोळसा टाकायचा, त्याची वाफ, वाफेवर इंजिन, आणि इंजिनावर सगळे माग.

बाकीच्यांना जेवायची सुट्टी असे, बॉयलरवाल्यांना नाही. वाफ उतरली की मॅनेजर वेणीमाधवरावांचा पारा चढे. संगप्पा उभ्याउभ्या दोन घास कोंबायचा आणि उरलेली भाकरी महानंदा परत अव्वाकडं, म्हणजे आईकडं, न्यायची. आप्पांनी एकदा तरी मांडी घालून आपल्याबरोबर जेवावं, एवढंच तिचं मागणं होतं.

एकदा ती भट्टीकडे बघत म्हणाली, "आप्पा, एवढा ढीग कशाला टाकता? अव्वा चुलीत जरा जरा जळण सारती. म्हणून धूर न्हाय."

"ही चूल हाय व्हय गं?" संगप्पा हसला. "लई शाणी!"

पण दुसऱ्या दिवशी त्यानं करून पाहिलं. ढीग न घालता पातळ थर, थोडा थोडा, सगळीकडे सारखा. चिमणीचा काळा धूर विरळ झाला आणि वाफेच्या दाबाचा काटा जागचा हलेना. बाकी तिघांनीही तसंच सुरू केलं. आठवड्याला रेल्वेच्या सात वाघिणी कोळसा लागायचा, तो सहावर आला. तीन बॉयलरांवर भागू लागलं, म्हणून दुपारी पाळीपाळीनं एक जण बसू लागला.

संगप्पाची पाळी आली. बापलेक कोळशाच्या ढिगाआड सावलीला बसले.

"तुझी अव्वा शेंगाचटणीत लसूण घालती व्हय गं?" संगप्पानं विचारलं. "आज कळलं!"

अशा चार पाळ्या झाल्या. पाचव्या वेळी वेणीमाधवराव आले.

"माणूस बसलाय म्हणजे वाफ उरलीय," ते म्हणाले. उरलेल्या वाफेसाठी त्यांनी साठ नवे माग मागवले. चौथा बॉयलर पुन्हा पेटला आणि दुपारचं बसणं संपलं. कापड स्वस्तात पडू लागलं, म्हणून जास्त खपू लागलं, म्हणून आणखी साठ माग आले. सहा वाघिणींच्या सात झाल्या, सातांच्या नऊ. बॉयलरघराच्या भिंतीवर 'कोळसा वाचवा' अशी पांढरी अक्षरं आली. काजळी बसे म्हणून ती दर सोमवारी पुन्हा रंगवावी लागत.

"साहेब, नऊ वाघिणी लई झाल्या की," संगप्पा भीत भीत म्हणाला. "मग वाचला तो कोळसा कुटं गेला?"

"अरे, कापडाच्या प्रत्येक वारामागं वाचतोय! जितका जास्त जाळू, तितका जास्त वाचेल!" वेणीमाधवराव अगदी मनापासून खूश होते.

पुढच्या चैत्रात त्यांनी भट्टीसमोरच संगप्पाचा सत्कार केला. नव्या मागावरची पहिली जाडजूड चादर घामानं निथळणाऱ्या त्याच्या खांद्यांवर पांघरली.

"थंडी वाजत आसंल गड्याला!" शेजारच्या बॉयलरवरचा धुळा पुटपुटला.

मग साहेब महानंदाकडे वळले. "युक्ती तुझी होती म्हणे, पोरी. आणखी काही सुचतंय का?"

सुचत होतं. समोरच वाफेचा उघडा पाईप वाऱ्यावर निवत होता. अव्वा भाताचं पातेलं गोधडीत गुंडाळते, ते सांजेपर्यंत ऊन राहतं. पाईपलाही तसंच काही गुंडाळलं तर? तर वाफ उरेल. आणि उरली तर...

"न्हाय जी," महानंदा म्हणाली.

साहेब गेले. संगप्पानं चादर खुंटीला अडकवली आणि फावडं उचललं. काटा उतरायला लागला होता.

महानंदानं फडकं सोडलं. भाकरीचे बारके बारके घास केले, प्रत्येकाला चटणी लावली, आणि भट्टीपाशी जाऊन उभी राहिली. फावडं रिकामं करून बाप वळला.

"आप्पा, आ करा की," ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडात घास घालून पुढचं फावडं रिकामं व्हायची वाट बघू लागली.