ताईंचा शब्द

महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी चारला, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत खुर्च्या मांडल्या जात. एका भिंतीशी सैन्यातून नुकती सुटलेली माणसं, समोरच्या भिंतीशी कारखान्यांचे, गोदामांचे, वाहतूक कंपन्यांचे लोक आणि मध्ये चहाची किटली. दोन्ही बाजूंनी उठून मध्ये यावं, बोलावं, ओळखी व्हाव्यात आणि ओळखीतून कामं मिळावीत, एवढाच हेतू. हा मेळावा कॅप्टननी सुरू केला होता. ते स्वतः सैन्यातून बाहेर पडल्यावर वर्षभर दारोदार हिंडले होते, म्हणून.

पण भिंत सोडून मध्ये कोण येणार? सैन्यातला माणूस बोलावल्याशिवाय पुढे होत नाही आणि कारखानदार चहा घेऊन घड्याळ बघायला लागतो. तेव्हा ताई उठायच्या. एकाला कोपराला धरून आणायच्या, दुसऱ्यासमोर उभं करायच्या आणि म्हणायच्या, "हे बघा, हा माणूस तुमच्या कामाचा आहे. का ते तो सांगेल. नाही सांगितलं तर मी सांगते."

ताई अडुसष्ट वर्षांच्या. एकतीस वर्षं त्या एका सूतगिरणीच्या नोकरभरतीच्या खिडकीत बसल्या होत्या. त्यांच्या वेळी माणूस चालत यायचा आणि ताई आधी त्याचे हात बघायच्या, अर्ज मागाहून. पावसात भिजून आलेल्यांच्या अर्जांना एक वास यायचा, तो त्यांना अजून आठवतो. त्या काळात त्यांनी कुणाची खोटी भलामण केली नाही. सख्ख्या नणंदेचा मुलगा आला, तर त्यालाही म्हणाल्या, "तुला पहाटे उठवत नाही, तुझं नाव मी पुढे करणार नाही." नणंद सात वर्षं बोलत नव्हती. त्यामुळेच गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली तरी आसपासच्या कारखान्यांत एक वाक्य चालायचं: ताई म्हणाल्या ना, मग झालं.

कॅप्टननी त्यांना मेळाव्याला बोलावलं ते या वाक्यासाठीच. आणि ताई गेल्या त्या मात्र भावासाठी.

भाऊ चौदा वर्षांनी धाकटा. आई आजारी म्हणून ताईंनीच त्याला कडेवर वाढवलं. चौपन्न वर्षांचा झाला तरी त्यांच्या तोंडी तो बाळच. नऊ वर्षांचा असताना त्यानं आईचं शिवणयंत्र खोललं, पुन्हा जोडलं आणि एक स्क्रू उरला. तो मुठीत घेऊन तो आईकडे नाही, ताईंकडे आला. ताईंनी कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासूनचा रिवाज होता तो: जे कुणाला सांगता येत नाही ते ताईला सांगायचं.

बाळ सैन्याच्या गाड्यांच्या कार्यशाळेचा प्रमुख होता. दोन वर्षांपूर्वी तो मुदतीआधीच घरी आला आणि त्याच्या कागदांवर एक लाल शेरा होता. शेरा बघितला की लोक कागद परत करत. आता तो अंगणात बसून पुसलेलीच हत्यारं पुन्हा पुसायचा. त्याची बायको एकदा ताईंना म्हणाली, "ताई, काल दिवसभरात हे तीन वाक्यं बोलले. त्यातलं एक मांजराशी."

शेऱ्याची हकिगत ताईंना ठाऊक होती. घरी परतल्यावर महिनाभरानं, मागच्या पायरीवर दोघं वाटाणे सोलत बसली असताना बाळनं खाली मान घालून सांगितली होती. कार्यशाळेत एक कारागीर होता, सदा शीळ घालायचा म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणत. हाताला चपळ, पण घाईचा. त्याला दुसऱ्या दिवशी रजेवर घरी जायचं होतं. ब्रेक जोडून झाले होते. बाळनं बजावलं, मी तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. शिट्टीनं काढली. उतारावर ब्रेक लागले नाहीत.

चौकशीत बाळ उभा राहिला आणि म्हणाला, गाडी माझ्या हुकुमावरून गेली. मीच पाठवलं.

"खरं सांगितलं असतं, तर तो हुकूम मोडून मेला अशी नोंद झाली असती, ताई. आता पलटणीच्या भिंतीवर त्याचं नाव आहे. त्याची बायको वर्षातून एकदा येते, नावावरून हात फिरवते." मग त्यानं वाटाण्यांची सालं झटकली. "हे तुझ्यापाशी."

"माझ्यापाशी," ताई म्हणाल्या होत्या.

तर त्या शनिवारी एक शीतगृहवाले येणार होते. चाळीस मालट्रक, सगळे थंड पेट्यांचे, आणि दुरुस्ती विभागाला प्रमुख हवा होता. जागा जणू बाळच्या मापानं बेतलेली. ताईंनी त्याला आठवडाभर जेवणाच्या टेबलाशी बसवून तयार केलं.

"हं, मी मालक. तू काय करत होतास?"

"गाड्या."

"गाड्या काय? खात होतास?"

"दुरुस्त करत होतो."

"किती?"

"असतील तेवढ्या."

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, दीडशे गाड्या आणि पासष्ट माणसं सांभाळलीस. ते कोण सांगणार?"

"तूच सांग. तुला चांगलं जमतं."

"आणि ती बशी नीट धर. परेडला आणलीयस का तिला?"

बाळ हसला. कितीतरी दिवसांनी हसला. दारात उभी असलेली त्याची बायको पटकन आत निघून गेली, ते ताईंनी बघितलं.

मेळाव्यात सगळं सुरळीत चाललं होतं. शीतगृहवाले साधे गृहस्थ होते, लोकरीचं जाकीट अंगातून काढायचं विसरून आलेले. त्यांनी थंड पेटीच्या यंत्राबद्दल काहीतरी विचारलं आणि बाळची जीभ सुटली. बिस्किटाच्या बशीवर बोटानं आकृती काढून तो समजावत होता. शीतगृहवाल्यांनी खिशातून वही काढली. बाळनं मग स्वतःच कागद पुढे केले.

"हा शेरा कसला?"

ताई दोन हातांवर होत्या. त्यांनी बाळकडे बघितलं. आठवडाभर पढवलं होतं: म्हणायचं, एक अपघात झाला, त्यातून खूप शिकलो. बस्स.

बाळचे पाय जुळले. हात विजारीच्या शिवणीला गेले. चौकशीच्या टेबलासमोर उभा राहावा तसा तो उभा राहिला आणि तिथे बोलला होता तेच बोलला. "माझ्या हुकुमावरून नादुरुस्त गाडी बाहेर गेली. माणूस गेला. जबाबदारी माझी."

शीतगृहवाल्यांनी कप खाली ठेवला. "स्पष्ट बोललात, बरं वाटलं," ते म्हणाले. वही खिशात गेली. "कळवतो."

ताईंनी एकतीस वर्षं लोकांना 'कळवतो' म्हटलं होतं. त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता.

रविवारी बाळ अंगणात पाने-पकडी पुसत बसला. सोमवारी सकाळी ताई दोन बस बदलून शीतगृहात गेल्या. दाराला प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्या होत्या, त्या बाजूला सारल्या की थंडी थेट हाडांत शिरायची. ऑफिसच्या काचेमागे शीतगृहवाले तेच जाकीट घालून बसले होते.

"ताई? निरोप धाडायचा, मी आलो असतो."

"तुम्ही माझ्या भावाला घेणार नाही."

"ताई, रस्त्यावर माझे चाळीस ड्रायव्हर असतात."

"त्यानं पाठवलंच नव्हतं," ताई म्हणाल्या.

एवढंच म्हणून उठायचं, असं त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. पण एक वाक्य एकटं उभं राहीना. त्याला टेकू म्हणून दुसरं द्यावं लागलं, दुसऱ्याला तिसरं. शीळ, रजा, उतार, चौकशी, भिंतीवरचं नाव, सगळं निघालं. शीतगृहवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "काय माणूस आहे," ते म्हणाले. "आणि तुमचा शब्द म्हणजे मला कागदाच्या वर."

"हे इथेच राहू द्या."

"इथेच."

त्याच संध्याकाळी बाळला फोन आला: एक तारखेपासून या.

पुढचे तीन दिवस ताईंच्या जन्मात विसरण्यासारखे नव्हते. बाळ त्यांच्याकडे आला, न सांगता स्वयंपाकघरातला गळका नळ उघडून बसला आणि बोलत राहिला. वायसर कसे निकृष्ट यायला लागलेत, चाळीस गाड्यांना खाली उतरून काम करायचे खड्डे दोन तरी हवेत, पहिल्या महिन्यात काही बदलायचं नाही, नुसतं बघायचं. "शेऱ्याचं तोंडावर सांगूनही मला घेतलं गं त्यांनी," तो म्हणाला. "अशीही माणसं असतात." ताई कणीक मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

शुक्रवारी सकाळी तो त्याच नळाशी होता, तेव्हा कॅप्टन आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"शीतगृहवाले काल भेटले. तुमच्या भावाचं कौतुक करत होते. पाच जणांत करत होते, ताई." त्यांनी बाळकडे बघितलं. "तू चौकशीत खोटं बोललास म्हणे. शिट्टीनं हुकूम मोडला होता."

चांगलं ऐकलं म्हणून त्या भल्या माणसानं ते पुढे सांगितलं होतं. ओळखीतून ओळख, शब्दातून शब्द. मेळाव्याचा सगळा डोलारा त्याच्यावरच तर उभा होता.

बाळनं पाना ओट्यावर ठेवला, हळूच, आवाज न करता. मग त्यानं ताईंकडे बघितलं. तो रागावला असता तर ताईंना बरं वाटलं असतं. तो नुसता बघत होता, एखादं दार लावलंय की उघडं राहिलंय ते लांबून बघावं तसा.

"ताईचा काहीतरी गैरसमज झालाय, साहेब," तो म्हणाला. "मीच पाठवलं होतं."

"ते म्हणाले, ताईंना तू स्वतः सांगितलंस." कॅप्टनचा आवाज खाली आला. "मला हे ऐकायचं नव्हतं रे. पण ऐकलंय. आता मला पलटणीला लिहावं लागेल. चौकशी पुन्हा उघडतील. ताई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी खरं धरतो."

ताईंच्या हाताला अजून कणीक होती. ती बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती, शिट्टीची बायको. पण भिंतीवर फिरणारा हात त्यांना दिसला; माणसाआधी हात बघायची त्यांची सवय. आणि बाळचे ते तीन दिवस दिसले, आणि एक तारीख.

"मी रचलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"रचलं. भावाला नोकरी मिळत नव्हती. शीतगृहवाल्यांना दया यावी म्हणून गोष्ट बनवली. त्यानं मला असलं काही सांगितलेलं नाही."

कॅप्टननी विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, ते ताईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

"मग हे मला त्या पाचही जणांना सांगावं लागेल," ते म्हणाले. "तुम्ही बनवून सांगितलंत, असं. नाहीतर ती गोष्ट फिरतच राहील."

"सांगा."

"आणि ताई… पुढच्या मेळाव्याला तुम्ही…"

"नाही येणार. कळलं मला."

दाराशी जाऊन ते परत वळले आणि मान लववून गेले. पायऱ्यांवरचे बूट वाजायचे थांबले. नळ टपटपत होता.

"शीतगृहवाल्यांना आता मीच कळवतो," बाळ म्हणाला. "तुझ्या गोष्टीवर मिळालेली नोकरी मला घेता येणार नाही."

"बाळ, मी—"

"असू दे, ताई." इतक्या सभ्यपणे तो त्यांच्याशी उभ्या जन्मात बोलला नव्हता. नळ नीट जोडून त्यानं हात धुतले, फडकं वाळत घातलं. मग चपला घालता घालता थांबला. "मेळाव्यातल्या त्या बाकीच्यांचं काय? तुझ्या वहीत आहेत ते."

हे ताईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो गेल्यावर त्यांनी वही काढली. या महिन्यात शब्द टाकायचा म्हणून लिहून ठेवलेली नऊ नावं होती. एक बिनतारी संदेशवाला, एक स्वयंपाकी, दोन नर्सा, एक पूल बांधणारा, ज्याला आकडे तोंडपाठ पण लोकांसमोर घाम फुटायचा. उद्या-परवापर्यंत सगळ्या कारखान्यांत कळणार होतं की ताई गोष्टी बनवतात. मग त्यांनी पाठवलेल्या माणसाचा कागद कुणी उघडून तरी कशाला बघेल?

त्यांनी चष्मा लावला आणि पहिला नंबर फिरवला. पूल बांधणाऱ्याचा. माझं नाव कुठे घेऊ नकोस, कॅप्टनकडे सरळ जा, एवढं सांगायचं होतं. पलीकडे पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"ताई!" तो म्हणाला. "बोला, बोला. तुमच्याच फोनची वाट बघत होतो."