शेऱ्याचा रकाना

"महिला मजूर सहकारी संस्थांना शासकीय बांधकामांत प्राधान्य दिल्यामुळे या तालुक्यातील ग्रामीण स्त्री स्वतःच्या पायांवर उभी राहिली आहे," असे एक वाक्य १९९८ सालच्या अहवालात आहे. वाक्य सुबक आहे. ज्या संस्थेच्या आधारे ते लिहिले गेले, तिच्या अध्यक्ष द्वारकाबाई तेव्हा खरोखरच उभ्या होत्या. स्वयंपाकघराच्या दाराआड, पदर हनुवटीपर्यंत ओढून. अकरा सभासदांपैकी दोघी मेंढरांमागे गोदाकाठी हिंडत होत्या, आणि उरलेल्यांना आपण कशाच्या तरी सभासद आहोत याचा पत्ताच नव्हता. संस्था चालवीत द्वारकाबाईचे भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सर्जेराव. धोरणाचा हेतू निर्मळ होता. निर्मळ हेतूलाही राखणदार लागतो, एवढेच त्याचे कर्ते विसरले.

भायासमोर सुनेने तोंड दाखवू नये, बोलू नये, त्याचे नाव उच्चारू नये, आणि त्यानेही तिच्याशी थेट बोलू नये, हा त्या घरचा रिवाज. तेव्हा कागद यायचा तो सासूच्या, गोजरबाईच्या हातून. द्वारकाबाई चुलीपाशी सही करायची आणि कागद तसाच परत जायचा. शेवटी 'अध्यक्षांचा शेरा' असा एक रकाना असे. सहा वर्षे तो कोरा होता.

अध्यक्ष होण्यापूर्वी ही बाई जालन्याच्या एमआयडीसीत नवऱ्याबरोबर बांधकामावर होती. डोक्यावरच्या घमेल्याच्या वजनावरून मालात सिमेंट किती पडले, हे ती सांगू शकत असे. "अध्यक्षबाईच्या डोक्यावर घमेलं दिसलं तर गाव हासंल," म्हणून सर्जेरावांनी तिला घरी बसवले. नवरा मच्छिंद्र मात्र तिकडेच राहिला, सुटीला येई.

त्या शनिवारी ती माळवदावर मिरच्या वाळत घालीत होती, आणि तिची नजर पुन्हा संस्थेच्या नावावर बांधलेल्या शाळेच्या नव्या खोलीकडे गेली. गेले दहा दिवस ती तिकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होती. स्लॅब पडल्यापासून त्यावर कुणी पाण्याचा थेंब मारला नव्हता. वर उन्हात भाजलेल्या भाकरीसारखी पांढरट कळा चढली होती. सहाव्याच दिवशी खालचे टेकू काढून अंबडच्या कामावर नेले होते. काल गोवऱ्या आणायच्या निमित्ताने ती खोलीत शिरली होती. भिंतीला नख लावले तर वाळू भुरभुर गळाली. वर पाहिले तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत केसाएवढी चीर. सोमवारी तिसरीचा वर्ग त्या खोलीत बसणार होता. तिची शिवकन्या तिसरीत होती.

दुपारी सर्जेराव शाखा अभियंत्याला घेऊन ओसरीवर आले. गोजरबाई कागद घेऊन आत आली.

"काम पुरं झाल्याचा कागद हाये. सही कर जल्दी, सायबाचा चहा व्हायच्या आत."

द्वारकाबाईने पेन हातात घेतले, पण सही केली नाही. "आत्याबाई, त्यांना म्हणावं, स्लॅबला पाणी न्हाई मारलं. चीर गेली हाये."

"अगं, भायाला शिकवून राह्यली का तू?" म्हातारी कुजबुजली. पण ओसरी चार हातांवर होती. बाहेर ऐकू गेलेच.

"माय, तिला सांग," सर्जेरावांचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचेच तिला अधिक भय वाटले, "समदीकडं नाव तिचंच हाये. काही झालं तर बेडी बी तिलाच. सही केली तर मी बराबर सांभाळीन. न्हाई तर आजच लेकीला घेऊन माहेरची गाडी धरावी."

"फक्त औपचारिकता आहे हो, अध्यक्षबाई," अभियंता बशी फुंकत म्हणाला.

द्वारकाबाई कागद घेऊन बाहेर आली. लग्नाला अकरा वर्षे झाली होती. या ओसरीचा उंबरा भायांच्या देखत तिने प्रथमच ओलांडला. गोजरबाईने तोंडात पदर कोंबला.

"सायब," ती अभियंत्याकडे पाहून म्हणाली, "आत्ता चला शाळेत. स्लॅबवर मातीचं आळं करू, टीचभर पाणी भरू. एमआयडीसीत आमी असंच करत होतो. पाणी वर, आन् खाली भायांनी बसावं, घटकाभर. छत राह्यलं तर बिलकुल सही करते."

सर्जेराव इतके चकित झाले की रिवाज विसरले. सहा वर्षांत प्रथमच ते अध्यक्षांशी थेट बोलले, आणि जे बोलले ते रागात, विचार न करता.

अभियंत्याने बशी खाली ठेवली.

द्वारकाबाई तिथेच उकिडवी बसली. चौथीपर्यंतचे शिक्षण, सरावातून सुटलेले हात. अक्षरे वेडीवाकडी येत होती. तरी जे नाव तिने कधी तोंडातून काढले नव्हते ते तिने आधी लिहिले, आणि त्यापुढे त्यांचेच शब्द, काना-मात्रेचाही फरक न करता. मग सही केली. तो कागद आजही दप्तरात आहे. अहवाल लिहिणाऱ्यांनी तो उघडला नसावा. शेऱ्याच्या रकान्यात एवढेच आहे:

सर्जेराव म्हणाले, "मी काय येडा झालो काय त्या स्लॅबखाली बसायला?"