कटिंग मशीनचं उद्घाटन

नवं कटिंग मशीन आलं आणि महादेवरावांनी त्यावर प्लास्टिक टाकून खोलीला कुलूप लावलं. महादेवराव आमच्या जानेफळच्या शिलाई केंद्राचे अध्यक्ष. सुईत दोरा ओवता येत नाही, पण अध्यक्ष!

"कुलूप काऊन?" मी विचारलं.

"उद्घाटन व्हायचं हाय ना, छायाताई. जिल्ह्याच्या साहेबाची तारीख भेटली का लगेच चालू."

शाळेच्या गणवेशाचं काम आम्हाला मिळालं होतं. शाळा उघडायच्या आत कपडे दिले नाहीत तर काम दुसऱ्याला, असं शाळेने बजावलं होतं. हे काम टिकलं तर बायांची निंदणाच्या मजुरीतून सुटका होती. कामाची आखणी माझी. रुख्मिणीने कापायचं, मग एकीने बाह्या, एकीने कॉलर, शेवटी काजं-बटणं. सगळं झकास होतं, पण गाडी कटिंगपाशीच अडायची. रुख्मिणी हातकात्रीने कापणार तरी किती? तिच्या अंगठ्याला फोड आले आणि शिवणाऱ्या बाया कापडाची वाट पाहत हातावर हात धरून बसल्या. अन् पलीकडच्या खोलीत मशीन कुलपात! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"भाऊ, आताच वापरू द्या ना. फीत मंग कापू," मी म्हटलं.

"वापरलेल्या मशीनचं उद्घाटन करते का कोणी? साहेबाले काय वाटन?"

"अन् बायाईले काय वाटन?" रुख्मिणी बोलली.

महादेवराव खर्रा चघळत हसले. हसण्यासारखं काय होतं, देव जाणे! तारीख ठरली, पुढे गेली. पुन्हा ठरली, तर साहेब कुणाच्या तरी लग्नाला गेले. तोवर शाळा उघडली. आमचं काम खामगावच्या एका कारखान्याला गेलं आणि बाया गेल्या कपाशीच्या शेतात पऱ्हाटी निंदायला. रुख्मिणीसुद्धा, तशाच फोडांनिशी.

आणि मग साहेब आले! मंडप, हार, स्पीकर, सगळं वेळेवर. आमच्या गावात एवढीच गोष्ट वेळेवर होते. फक्त फोटोत बसायला बाया नव्हत्या. महादेवरावांनी शाळेतून पोरी आणवल्या आणि शिलाई मशीनवर बसवल्या. आम्हाला कापड कापू दिलं नाही, साहेबांनी मात्र फीत झोकात कापली.

टाळ्या झाल्या. साहेब एका पोरीसमोर थांबले. "वा! छान गणवेश. इथेच शिवलाय का?"

पोरगी गोंधळून माझ्याकडे पाहू लागली.

"हाव साहेब, इथलाच," महादेवराव म्हणाले.

मग मात्र मला राहवलं नाही. पोरीची कॉलर उलटून आतली कारखान्याच्या नावाची पट्टी मी साहेबांपुढे धरली.

"वाचा साहेब. मोठ्यानं वाचा! मशीन कुलपात सडलं अन् आमचं काम खामगावले गेलं. आमच्या बाया आज चिखलात हायेत. तुमच्या ह्या फितीपायी!"

साहेबांनी वाचलं नाही. त्यांनी महादेवरावांकडे पाहिलं. महादेवरावांनी स्पीकरवाल्याला गाण्याचा आवाज वाढवायला सांगितलं.