पश्चात्ताप तपासून मिळेल

कोथरूडमध्ये मी इंग्रजी संभाषणाचा क्लास चालवते. सातवा धडा पश्चात्तापाचा. ‘आय विश’ने सुरुवात करून प्रत्येकाने एक खरी चूक सांगायची, एवढाच गृहपाठ मी दिला होता. पण हे पुणं. सगळ्यांनी दुसऱ्यांच्या चुका आणल्या. विमलाबाईंनी सुनेची आणली, वारज्याच्या श्यामने वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची.

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोंडीराम उठले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते ते. त्यांनी विमलाबाईंची वही घेतली आणि लाल पेन्सिलीने फुली मारली.

“रिजेक्ट. हा दोष दुसऱ्या खात्यातला. स्वतःचा माल आणा.”

विमलाबाई तणतणत घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची चूक घेऊन आल्या. पास झाल्यावर बाई चक्क गुणगुणत जिना उतरल्या. झालं! आठवड्याभरात रांग जिन्यावरून रस्त्यावर. इंग्रजीचा गंध नसलेलेही ‘आय विश, आय विश’ पुटपुटत उभे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाटी लावली: ‘पश्चात्तापवाल्यांनी भिंतीला टेकू नये.’ एक गृहस्थ मध्येच घुसले, तर कोंडीरामांनी त्यांना त्याच घुसण्याचा पश्चात्ताप लिहून शेवटून यायला लावलं. माझा आठवा धडा आपला तसाच पडून. मला भयंकर संताप आला.

“सगळ्यांचे तपासताय, तुमचा कुठेय?” मी फटकारलं.

कोंडीराम खाली बघत म्हणाले, “मॅडम, त्याच्यासाठीच तर आलो इथे.”

त्यांची मुलगी अपेक्षा. अकरा वर्षांपूर्वी तिने यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं. हे गेले नाहीत. पुढे ती कॅनडाला गेली आणि बोलणंच संपलं.

“मग मराठीत सांगा की तिला!”

“मराठीत मी तिचा बाप आहे. तोंड उघडत नाही. इंग्रजीत मी अजून कुणीच नाही, तिथे जमेल.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. रविवारी संध्याकाळी रांग थांबवून मीच फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

“अपेक्षा,” ते ताठ उभे राहून म्हणाले, “आय विश आय हॅड कम टु युअर वेडिंग.”



“आला होतात की, बाबा,” ती मराठीतच म्हणाली. “रजिस्टर ऑफिससमोर, रसाच्या गाडीआड उभे होतात. पाहिलं होतं मी.”

कोंडीरामांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. “मग हाक का नाही मारलीस गं?”

“आय विश आय हॅड, बाबा.”

कोंडीराम फोन घट्ट धरून नुसती मान हलवत होते. डोळ्यांना धार लागली होती.

“अहो, मान काय हलवताय? तिला दिसतेय का ती?” मी ओरडले. “बोला! कुठल्याही भाषेत बोला!”